अर्धा अंश

विमानाचं सगळं झालं होतं, फक्त नाकावरच्या पंख्याच्या पात्यांचा कोन जमवायचा राहिला होता. पंख, चाकं, इंजिन, रंग, अगदी आतल्या दोन खुर्च्यांच्या गाद्यासुद्धा झाल्या होत्या. साडेसात वर्षं चाललेलं काम. त्यातली पहिली साडेचार वर्षं मुलाने केली, आणि तो गेल्यावर पुढची तीन त्याच्या वडिलांनी आणि बायकोने.

वडिलांना सगळे आप्पा म्हणत. चाळीस वर्षं लेथवर उभे राहिलेले गृहस्थ. कारखान्यात त्यांचं नाव पडलं होतं 'मायक्रॉन'; केसाची जाडीसुद्धा यांना ढोबळ वाटते, म्हणायचे लोक. निवृत्त होताना मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी आठवड्याने परत नेऊन दिलं, दिवसाला चार सेकंद मागे पडतं म्हणून. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. काही नंबरांची काच दोन-तीन अंश इकडची तिकडे फिरली की गिऱ्हाइकाला जिना वाकडा दिसतो, हे तिचं रोजचं. सासरा-सुनेचं जमलं ते या चोखंदळपणावरच. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात तिने आप्पांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, डावी दांडी जराशी वाकवली आणि परत ठेवला. अकरा वर्षांत आज पहिल्यांदा भिंत सरळ दिसली, असं आप्पा नंतर शेजाऱ्यांना सांगत होते. सासूबाई त्याआधीच गेलेल्या. घरात माणसं तीन.

मग दोन उरली. मुलगा नकाशे काढण्याच्या कचेरीत होता. एका दुपारी जिन्यात दम खायला म्हणून बसला तो उठलाच नाही. वय चौतीस. डॉक्टरांनी मेंदूतल्या कुठल्याशा शिरेचं नाव सांगितलं. आप्पांनी ते दोनदा विचारून घेतलं आणि पुन्हा कधी उच्चारलं नाही.

तिचा भाऊ तिला न्यायला आला होता. ती गेली नाही. परसातल्या लांबट शेडमध्ये विमान अर्धवट उभं होतं, एका पंखाला कापड चढलेलं, दुसऱ्याच्या फासळ्या उघड्या. महिनाभराने आप्पा तिथे केर काढायला गेले, मागून ती आली, आणि आप्पांनी कापडाचं एक टोक तिच्या हातात दिलं. तिथून सुरुवात झाली. रोज संध्याकाळी ती दुकानातून आली की दोघं जेवून शेडमध्ये जात. मुलाच्या आराखड्यांवर त्याच्या हातच्या बारीक सूचना होत्या. 'इथे घाई नको.' 'हा खिळा आप्पांना दाखव.' असं काही वाचलं की आप्पा चष्मा पुसायला बाहेर जायचे आणि ती उगाच स्क्रू मोजत बसायची. रडायचं ते ज्याने त्याने आपापल्या खोलीत, हे कुणी न ठरवता ठरलं होतं.

तिसऱ्या वर्षी दुकानात जनावरांचा एक डॉक्टर आला. गाईने चष्मा चाटताचाटता दांडी मोडली होती. दुरुस्त करून दिला, तर पंधरा दिवसांनी पुन्हा हजर. या वेळी म्हणे घोड्याने. तिसऱ्यांदा आला तेव्हा चष्मा धडधाकट होता. चार तासांवरच्या गावात राहणारा, चाळिशीचा, एकटा, सावकाश बोलणारा माणूस. सहा-सात महिन्यांनी त्याने विचारलं आणि तिने होकार दिला.

आप्पांना तिने स्वतःच सांगितलं. दोघं वाळलेल्या चादरीची घडी घालत होते. आप्पांच्या हातातली दोन टोकं जराही ढळली नाहीत. माणूस चांगला आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं, आणि मग झालं तर, म्हणाले. ती म्हणाली, विमान एकदा उडू दे, मग तारीख ठरवू. आप्पांनी मान हलवली आणि चादर कोपऱ्याला कोपरा लावून कपाटात ठेवली.

तेव्हा विमान गावाबाहेरच्या गवती धावपट्टीवर नेलेलं होतं. तिथे हौशी मंडळींचा क्लब होता, पत्र्याची एक मोठी शेड होती, आणि एक तपासनीस बाई होत्या, ज्यांच्या सहीशिवाय कुठलंही घरगुती विमान जमीन सोडू शकत नसे. बाई हसल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

पात्याचा कोन म्हणजे पातं हवेत किती तिरकं घुसतं ते. जास्त तिरकं ठेवलं तर ते हवेचा मोठा घास घेतं, इंजिनाला धाप लागते आणि फेरे कमी पडतात. कमी तिरकं ठेवलं तर इंजिन मोकाट सुटतं. यांच्या विमानाला उभ्या जागी पूर्ण जोर दिल्यावर मिनिटाला त्रेपन्नशे फेरे दिसायला हवे होते. एका रविवारी दोघांनी काम घेतलं. पातं आडवं करायचं, मधल्या तुंब्यातले बोल्ट सैल करायचे, पात्यावरच्या खुणेपाशी कोन मोजायचं यंत्र टेकवायचं, मग आप्पांनी पातं तसूभर फिरवायचं आणि तिने आकडा वाचायचा. बोल्ट आवळताना कोन पुन्हा हलतो, म्हणून पुन्हा वाचायचा. तिन्ही पात्यांचा कोन सारखा यायला हवा, नाहीतर विमान थरथरतं. संध्याकाळपर्यंत तिन्ही साडेसोळा अंशांवर आली. शेपूट खुंट्याला बांधून, चाकांना ठोकळे लावून इंजिन चालवलं. काटा बरोब्बर त्रेपन्नशेवर. तिने आत बसून आप्पांना अंगठा दाखवला. आप्पा खाली उभे होते, वाऱ्याने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि ते काट्याऐवजी तिच्याकडेच बघत होते.

त्या शनिवारी तपासनीस बाई आल्या. काटा एकावन्नशेवर अडला. कोन मोजला तर सतरा अंश. बाई म्हणाल्या, यंत्राचा शून्य चुकला असेल, पुन्हा बसवा. पुन्हा बसवला, पुन्हा त्रेपन्नशे दिसले. बाई पंधरा दिवसांनी आल्या तर इंजिन चौपन्नशे ऐंशीवर किंचाळायला लागलं, कोन सोळा. तिसऱ्या खेपेला परत सतरा. आता बाई वैतागल्या. तुंब्याची पकड सुटतेय, पाती आपोआप फिरताहेत, अशी त्यांना शंका आली. शेवटची एक संधी देते, म्हणाल्या. उद्या बसवा, मी पुढच्या शनिवारी येते. तेव्हाही हललेलं दिसलं तर हा तुंबा बाद. नवा मागवायचा म्हणजे कमीत कमी चार महिने.

त्या संध्याकाळी आप्पांनी दोनदा भात घेतला. वाईट बातमी ऐकल्यासारखं तोंड करून बसायला हवं होतं, तर हे गप्पा मारत होते, कारखान्यातल्या एका तिरसट फोरमनची नक्कल करून दाखवत होते. ती हसली. मग भांडी घासताना तिच्या हातातली ताटली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी पाती पुन्हा साडेसोळावर आणली. ती नेहमीसारखी आकडे वाचत होती, पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. पकड सुटून पाती घसरली असती तर एक जास्त घसरलं असतं, एक कमी. ही तिन्ही मात्र प्रत्येक वेळी नेमकी अर्धा अंश सरकली होती, एकदा इकडे आणि एकदा तिकडे. यंत्र चुकत होतं म्हणावं तर इंजिनाचे फेरेही तेच सांगत होते. घसरणारी वस्तू अशी शिस्तीत घसरत नाही. तीन पाती अर्धा अंश फिरवून एका रेघेत आणणारा हात तिच्या ओळखीत एकच होता.

मंगळवारी तिने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि स्कूटरने धावपट्टी गाठली. दुपारचं ऊन होतं, क्लबात चिटपाखरू नव्हतं. शेडचं दार हातभर उघडं होतं. आत आप्पा बुटक्या स्टुलावर बसले होते. पातं आडवं, त्यावर मोजायचं यंत्र, चष्मा कपाळावर, शेजारी जेवणाचा डबा. बस बदलून येत असणार, तिला वाटलं, दोन बस बदलाव्या लागतात.

आप्पांनी तिला पाहिलं. दचकले नाहीत की हातातला पानाही लपवला नाही.

"सुटी घेतलीस?"

"अर्धा दिवस."

"दोन झालीत. तिसरं राहिलंय," ते म्हणाले, जणू तिने तेवढंच विचारलं होतं.

ती समोरच्या उपड्या खोक्यावर बसली. पत्रा उन्हाने तडतड वाजत होता. तिला वाटलं होतं की आपण रागावू. सबंध वाटभर तिने वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना.

"का, आप्पा?"

आप्पांनी पाना मांडीवर ठेवला.

"तू म्हणाली होतीस, विमान पुरं होऊ दे, मग बघू."

"मी? कधी?"

"तो गेल्यावर नवव्या दिवशी. तुझा भाऊ गाडी घेऊन दारात उभा होता. तू त्याला म्हणालीस. मी आत पाणी पीत होतो."

तिला काहीच आठवत नव्हतं. त्या दिवसांतलं तिला फार थोडं आठवत असे. भावाला वाटेला लावायला म्हणून तोंडाला आलं ते बोलली असेल. आणि हा माणूस त्या एका वाक्यावर तीन वर्षं काढत होता. कापड चढवताना, तारा ओढताना, रंगाचा तिसरा हात देताना, काम जसजसं पुढे सरकत होतं तसतसं ते वाक्य त्याच्या जवळ येत होतं, आणि तरी त्याने एकही खिळा हलगर्जीने ठोकला नव्हता.

"मला तुला अडवायचं नव्हतं," आप्पा म्हणाले. "खरंच नव्हतं. त्या डॉक्टरात खोट काढावी असं काही नाही, मी पाहिलंय त्याला. मला फक्त एक महिना हवा होता. मग वाटलं, अजून एक. दुकानातून तू येतेस तेव्हा फाटकाची कडी वाजते ना, तेवढ्यासाठी."

मग त्यांना रडू आलं. म्हाताऱ्या माणसाचं रडणं तिने याआधी पाहिलं नव्हतं. मुलगा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं. आवाज काहीच नव्हता, खांदे तेवढे हलत होते. ती उठून त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि त्यांच्या तेलकट मुठीवर हात ठेवला. मग ती म्हणाली,

"पहिल्या खेपेला काटा खाली आला ना, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं.

"खरं सांगते. घरी जाताना स्कूटरवर मी गुणगुणत होते. मला माझीच लाज वाटली."

त्या एका वाक्याने आप्पांचं समाधान झालं की आतलं आणखी काही तुटलं, ते तिला कळलं नाही. मग त्यांनी बाहीने नाक पुसलं, चष्मा खाली ओढला आणि पात्यांकडे बघून म्हणाले, "हे असं ठेवता येणार नाही. दोन एकीकडे आणि एक एकीकडे. कुणी चालू केलं तर इंजिन खिळखिळं होईल."

"मग मागे आणू."

"हो. मागे आणू."

पहिलं पातं, मग दुसरं. आप्पा फिरवत होते, ती वाचत होती. सतरा. सोळा पॉइंट आठ. सोळा पॉइंट सहा. साडेसोळा. तिसऱ्या पात्याला हात लागलाच नव्हता, तरी त्यांनी तेही तिला मोजायला लावलं.

"साडेसोळा," ती म्हणाली.

"पुन्हा बघ."

"साडेसोळाच आहे, आप्पा."

"पुन्हा एकदा बघ."

तिने चार वेळा पाहिलं आणि चारही वेळा तेच सांगितलं. मग आप्पांनी टॉर्कच्या पान्याने एकेक बोल्ट ठरल्या क्रमाने आवळला, टक् असा आवाज होईपर्यंत, आणि पाना फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. येताना ती त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी घेऊन आली. सबंध वाटेत त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता.

शनिवारी काटा त्रेपन्नशेवर उभा राहिला. तपासनीस बाईंनी इंजिन बंद करवलं आणि विचारलं, मग आधी काय होत होतं? आप्पांनी तोंड उघडलं. त्याआधीच ती म्हणाली की चूक तिची, यंत्राचा शून्य ती पात्यावरच धरत होती, म्हणून दर वेळी घोळ. बाईंनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं. तुम्ही काचा बसवता ना, गिऱ्हाइकांचे डोळे असेच सांभाळता का, इथपर्यंत बोलल्या. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मोजमापात चाळीस वर्षं कुणाचं बोट सोसलं नव्हतं ते आप्पा तिच्या शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच नको म्हटलं. त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

आणखी एका आठवड्याने पुन्हा चाचणी झाली, बाईंनी सही केली, आणि पहिल्यांदा विमान वर नेलं तेही त्यांनीच. गवतावरून ते धडधडत गेलं, एकदा उसळलं, दोनदा उसळलं, आणि मग त्याच्या चाकांखाली उजेड दिसला. ती ओठ चावून बघत होती. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली होती. विमान झाडांवरून वळलं, लहान झालं, परत मोठं झालं आणि उतरलं. बाई खाली उतरून म्हणाल्या, सरळ चालतं, हात सोडले तरी सरळ चालतं. हे मुलाने ऐकायला हवं होतं. दोघांच्याही मनात तेच होतं. आप्पांनी विमान त्याच दिवशी क्लबाला देऊन टाकलं. त्यांना पुढच्या खेपेस बसायचा आग्रह झाला, तर कंबर दुखते म्हणाले.

लग्नाआधी तिने त्यांना सांगून पाहिलं की आमच्याकडे चला, डॉक्टरांचं घर मोठं आहे, खालची खोली रिकामी आहे. स्वतः डॉक्टरही येऊन सांगून गेला, मनापासून. आप्पांनी ऐकून घेतलं.

"तिकडे मी कोण म्हणून राहू?" ते म्हणाले.

तिने उत्तर शोधलं. सासरा म्हणावं तर तो आता दुसरा कुणीतरी झाला असता. वडील म्हणावं तर तिचे वडील होते, जिवंत होते. तिने डॉक्टरकडे पाहिलं, त्याने खिडकीबाहेर.

लग्न कचेरीत झालं, दहा-बारा माणसांत. साक्षीदारांच्या सह्या घेताना कारकुनाने मान वर न करता आप्पांना विचारलं, "तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?"

आप्पा क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "मुलाकडचा."

कारकुनाने त्यांना डॉक्टरच्या बाजूच्या रकान्यात सही करायला लावली. डॉक्टरच्या थोरल्या बहिणीने भावाकडे पाहिलं. कुणीच ते दुरुस्त केलं नाही. आप्पांनी सही केली, आणि तिला ती जागेवरून वाचता येत होती: तिच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव, सरळ, एकही अक्षर ओळीखाली न गेलेलं. तिने तोंडावर रुमाल धरला. बायकांना वाटलं, माहेर आठवलं.

नंतर ती दर रविवारी फोन करायची. सुरुवातीला विमानाबद्दल बोलायला असायचं. क्लबाने पाती पुसली का, कुणी किती उंच नेलं, बाईंनी आणखी कुणाला झापलं. मग तेही संपलं. हवा काय म्हणते, जेवलात का, गुडघा कसा आहे. दर रविवारचे फोन एक रविवार सोडून होऊ लागले, आणि आप्पांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

सहा महिन्यांनी ती नवऱ्याबरोबर भेटायला गेली. आप्पा जरा वाळले होते, पण घर लख्ख होतं. चहा टाकायला ती सवयीने आत गेली, आणि चमचे जागेवर नव्हते. तिने दोन खण उघडले. आप्पा मागून आले आणि तिसऱ्याच खणातून चमचे काढून तिच्या हातात दिले. एकट्याला इथे सोयीचं पडतं, म्हणाले. चहा झाला. डॉक्टरने त्यांचा गुडघा दाबून पाहिला आणि आपण घोड्यांचे गुडघे जास्त चांगले ओळखतो, असं म्हणाला, तेव्हा आप्पा मनापासून हसले. तिची जुनी खोली बंद होती. तिने ती उघडली नाही.

निघताना आप्पा फाटकापर्यंत आले. इतकी वर्षं ती दुकानाला निघाली की ते आतूनच हाक मारायचे, "ये गं लवकर." आज त्यांनी दोघांकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले,

"या पुन्हा."

ती गाडीत बसली. दोघांना मिळून म्हटलं म्हणून ते 'या' होतं, की तिला एकटीलाही त्यांनी आता पाहुण्यासारखं अहो-जाहो केलं असतं, हे तिला ठरवता येईना. उतरून विचारावं असं ते नव्हतंही. नवऱ्याने विचारलं, निघू या का? ती हो म्हणाली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आप्पा फाटकाला धरून उभे होते.